दहावीत शाळेने निलंबित केलं होतं, पुढच्या प्रवेशाला अडचण येईल का?

तुम्ही लिहिलंय की मारामारीवरून मुलाला दहावीत आठ दिवस घरी बसवलं, तुमच्याकडून हमीपत्र घेतलं, आणि आता हे अकरावीला, पुढे इंजिनिअरिंगला आडवं येईल का ही धास्ती आहे. मी एका अनुदानित शाळेच्या ऑफिसात 27 वर्षं कारकून होतो. दाखले मीच लिहायचो. त्या अनुभवावरून सांगतो, नाही येणार.

ते हमीपत्र जातं कुठे? मुख्याध्यापकांच्या कपाटातल्या फायलीत. आमच्याकडे ती फाइल वाळवीने खाल्ली तेव्हा कुणाला पत्ताही लागला नाही. शाळेबाहेर जातो तो फक्त शाळा सोडल्याचा दाखला, म्हणजे एलसी. तो जनरल रजिस्टरवरून उतरवतात, आणि त्यात 'वर्तणूक' असा एक रकाना असतो. जूनमध्ये खिडकीशी रांग लागली की आम्ही त्या रकान्यात डोळे मिटून 'चांगली' लिहायचो. प्रगती चांगली, वर्तणूक चांगली, पुढचा.

एकदाच वेगळं लिहिलं. एका पोराने मुतारीत सुतळी बॉम्ब लावला होता. साहेब पेटलेले, म्हणाले, याच्या दाखल्यावर चांगली लिहायचं नाही. 'वाईट' लिहायला माझा हात धजेना, म्हणून 'बरी' लिहिलं. चार दिवसांनी बाप परत आला. कॉलेजच्या क्लार्कने विचारलं होतं म्हणे, "बरी म्हणजे? आजारी होता का?" प्रवेश मात्र त्याच दिवशी झाला होता.

कारण अकरावीची यादी दहावीच्या गुणांवर लागते, आणि 2025 पासून तर सगळ्या राज्याची प्रक्रिया ऑनलाइन आहे. इंजिनिअरिंगची यादी सीईटीच्या पर्सेंटाइलवर. त्या कॉम्प्युटरला तुमच्या मुलाने कुणाची कॉलर धरली होती ते ठाऊक नसतं. अडचण झालीच तर घरच्याच कॉलेजात. शाळेचंच ज्युनिअर कॉलेज असेल आणि तुम्ही इनहाऊस कोट्यातून जाणार असाल, तर तिथले सर पोराला चेहऱ्याने ओळखतात. जागा गुणांवरच मिळते, पण पहिल्या दिवशी टोमणा ऐकायची तयारी ठेवा.

बोर्डाच्या पेपरात कॉपी पकडली गेली तर मात्र गोष्ट वेगळी. ती शाळेची शिक्षा नव्हे. बोर्डाच्या शिक्षासूचीप्रमाणे त्या परीक्षेची संपादणूक रद्द होते, प्रकरण गंभीर असेल तर पुढच्या परीक्षांनाही बसू देत नाहीत. शिवाय गैरप्रकारांविरुद्धचा 1982 चा कायदा आहेच. निकालच नाही तर प्रवेश कसला. तुमच्याकडे तसं काही नाही, तेव्हा सोडा.

मारामारी पोलिसांपर्यंत गेली होती का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. गेली असली तरी अठरा वर्षांखालच्या मुलाला बाल न्याय अधिनियम 2015 चं कलम 24 संरक्षण देतं. दोषी ठरला तरी त्यामुळे त्याला अपात्र धरता येत नाही. अपवाद आहे तो सोळा वर्षांवरच्या आणि अतिगंभीर गुन्ह्यात प्रौढासारखा खटला चाललेल्या मुलांचा. अग्निवीर भरतीला मात्र शाळेचं चारित्र्य प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी मुख्याध्यापकांशी बोलणं ठेवा, तुसडेपणा करू नका.

परदेशाचं डोक्यात असेल तर तेही सांगतो, भाचीच्या अर्जाच्या वेळी कळलं म्हणून. अमेरिकेतल्या शेकडो कॉलेजांसाठी जो 'कॉमन अॅप' भरतात, त्यात पूर्वी शाळेत शिक्षा झाली होती का, असा प्रश्न सगळ्यांनाच असायचा. 2021 पासून तो सामायिक भागातून काढला. कृष्णवर्णीय मुलांना अशा शिक्षा जास्त होतात आणि तो प्रश्न त्यांनाच अडवतो, हे त्यामागचं कारण. तरी एखादं विद्यापीठ स्वतःच्या पुरवणी भागात विचारू शकतं. विचारलं तर खरं लिहायचं. आठ दिवसांचं निलंबन समजावून सांगता येतं, लपवलेलं पुढे उघडकीला आलं की दिलेला प्रवेशही काढून घेतात.

बाकी, दाखला हातात पडला की खिडकीवरून हलायच्या आधी वाचा. वर्तणुकीचा रकाना, 'शाळा सोडल्याचे कारण' आणि खालचा 'शेरा' बघा. काही खटकलं तर तिथेच दुरुस्त करून मागा. स्वतः पेनने काही करू नका, तो गुन्हा धरतात आणि दाखल्यावर तसं छापलेलंही असतं. आणि मुख्य म्हणजे आईचं नाव, आडनावाचं स्पेलिंग आणि अक्षरी जन्मतारीख. माझ्या खिडकीवर रडत परत आलेली बहुतेक पोरं त्यातल्या चुकांपायी आली होती.