माथ्यापेक्षा उतार अवघड

भावा, पहिल्याच ट्रेकला थेट कळसूबाई ठरवलीस, नाद खुळा! 1646 मीटर, राज्यातलं सगळ्यात उंच टोक. पण कोल्हापुरातून रात्रभर गाडी हाकत पहाटे बारी गावात उतरायचं आणि तसंच डोळे चोळत चढायला लागायचं, हे करू नकोस. आदल्या संध्याकाळी पोच, झोप काढ.

त्याआधी दोन रविवार जोतिबाचा डोंगर पायथ्यापासून चालत चढा. कुणाचा दम किती, ते तिथंच कळतं. सगळ्यात हळू चालणारा पुढं ठेवायचा. आमचा तसला गडी एकदा मागं राहिला, भलत्याच वाटेला लागला आणि दोन तास हाका मारण्यात गेले.

सह्याद्री म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा, थरावर थर. म्हणून कडे पायऱ्यांसारखे दिसतात. कोरड्या काळ्या बेसॉल्टवर बूट मस्त धरतो. शेवाळ आलं की साबण. आणि उतारावरचा मुरूम? गोट्यांवर चालल्यागत. माझं ढोपर फुटलं ते चढताना नव्हे, उतरताना. लोखंडी शिड्यांवर उतरताना तोंड शिडीकडंच ठेवायचं, सेल्फी नंतर.

पाणी माणशी तीन लिटर. अत्तर, स्प्रे घरीच ठेवा, आग्यामोहोळ चवताळतं. एप्रिल-मेत दुपारी वळीव गाठतो. गडगडलं की माथा दहा मिनिटांवर असला तरी मागं फिरायचं. पोरं रुसतील. रुसू देत.