अडकलेली जार आणि विद्यार्थ्याच्या वहीतला प्रश्न

प्रश्न : मी शिरपूर परिसरातील दवाखान्यात पशुधन विकास अधिकारी आहे. आंतरवासितेसाठी (इंटर्नशिपसाठी) येणारे विद्यार्थी अमुक उपचार का दिला असे विचारल्यास ‘सर असेच करतात’ एवढेच सांगतात. गोठ्यावरच्या घाईत त्यांना पुराव्यावर आधारित उपचार कसे शिकवावेत?

उत्तर : व्याख्यान बाजूला ठेवून समोरच्या जनावरापासूनच सुरुवात करावी, असे माझे ठाम मत आहे. समजा, म्हैस व्यायल्याला २४ तास उलटूनही जार (वार, म्हणजे गर्भाचे आवरण) पडलेली नाही आणि पशुपालक ‘डॉक्टरसाहेब, हात घालून काढून टाका’ असा आग्रह धरून बसला आहे. विद्यार्थ्याने हातमोजा चढवण्यापूर्वी वहीत लिहावे : ताप नसलेल्या अशा म्हशीची जार हाताने काढल्यास, ती आपोआप पडू देण्याच्या तुलनेत, गर्भाशयाचा दाह कमी होतो का आणि म्हैस लवकर गाभण राहते का? जनावर, उपचार, तुलना आणि परिणाम या चार गोष्टींपैकी तुलना विद्यार्थी हमखास विसरतात. तिथे त्यांना थांबवावे.

संध्याकाळी हाच प्रश्न घेऊन पबमेड या वैद्यकीय संशोधनाच्या ऑनलाइन सूचीवर शोध घेतला, की जार ओढून काढल्याने गर्भाशयाच्या अस्तराला इजा होते, जंतुसंसर्गाचा धोका वाढतो आणि प्रजननात फायदा दिसत नाही, हे त्यांना सापडेल. उपचार न केलेल्या गाईंची जार साधारण २ ते ११ दिवसांत पडते. प्रतिजैविकाची गरज ताप आल्यास असते. मात्र यातील बहुतेक संशोधन परदेशी दुधाळ गाईंवरचे आहे. ते आपल्या म्हशीला कितपत लागू पडते, हा खरा शिकवण्याचा भाग आहे, आणि त्यासाठी आपल्या अनुभवाला पर्याय नाही. डॉ. डेव्हिड सॅकेट व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये मानवी वैद्यकासाठी केलेल्या ‘पुराव्यावर आधारित उपचारां’च्या व्याख्येतही उत्तम पुराव्याच्या जोडीला वैद्याचे कौशल्य आणि रुग्णाची पसंती धरलेली आहे. आपल्याकडे ती पसंती पशुपालकाची.

त्या पशुपालकाशी विद्यार्थ्यालाच बोलू द्यावे. बाहेर लोंबणारा भाग कापून स्वच्छता राखता येते, रोज ताप पाहायचा आहे, चारा सोडला किंवा ताप चढला तर लगेच फोन करायचा, हे घरातल्या माणसांना कळेल अशा शब्दांत सांगता येणे हीसुद्धा परीक्षाच आहे.

आठवड्याला असा एकच प्रश्न पुरे. म्हैस पुढे माजावर कधी आली, गाभण राहिली का, याची नोंद त्याच पानावर करावी. एका जनावरावरून निष्कर्ष काढू नये, पण ती वही पुढच्या तुकडीच्या हाती जरूर द्यावी.