रेडिओवर स्थानिक चर्चेचा कार्यक्रम प्रथमच सादर करणाऱ्यास

पाहुण्याशी प्रक्षेपणापूर्वी दूरध्वनीवर अवश्य बोलावे, मात्र त्यांना विषयाची दिशाच सांगावी. प्रश्नांची संपूर्ण यादी आधी हाती दिली, की पाठ केलेली उत्तरे येतात आणि संवादातील जिवंतपणा हरवतो. कलावंताला पुरस्कारांविषयी विचारण्यापेक्षा ती कलाकृती कशी घडली, कुठे अडली, कोणता भाग टाकून द्यावा लागला, हे विचारावे आणि शक्य असल्यास तिचा एखादा ध्वनी ऐकवावा, कारण श्रोत्याला चित्र दिसत नाही आणि नृत्यही दिसत नाही.

राजकीय चर्चेत सर्वाधिक तयारी लागते. लोकप्रतिनिधींना बोलावताना अर्थसंकल्प, ठराव आणि बैठकांची इतिवृत्ते स्वतः वाचून जावे, ज्याच्यावर आरोप होणार आहे त्याला उत्तराची संधी त्याच कार्यक्रमात द्यावी आणि तो आला नाही, तर आपण विचारणा केली होती हे स्पष्टपणे सांगावे. निवडणुकीच्या काळातील नियम केंद्रप्रमुखांकडून आधीच समजून घ्यावेत. १९४९ मध्ये अमेरिकेतील बर्कली येथे सुरू झालेल्या केपीएफए या रेडिओ केंद्राने जाहिरातींऐवजी श्रोत्यांच्या वर्गणीचा आधार घेतला. जाहिरातदारांच्या दबावापासूनचे असे स्वातंत्र्य मला फार मोलाचे वाटते, आणि ते मिळाले असेल तर अवघड प्रश्न टाळू नयेत.

मायक्रोफोन तोंडापासून साधारण वीतभर अंतरावर, किंचित तिरका ठेवावा. मध्येच रेडिओ लावणाऱ्यांसाठी पाहुण्याचे नाव आणि विषय दर काही मिनिटांनी पुन्हा सांगावा, आणि पाहुणा विचारासाठी थांबला, तर ती शांतता लगेच भरून काढू नये.