पट्ट्यावरचं विमान उडेल का? आधी चाकं विसर

कोडं असं: रनवेऐवजी मोठा पट्टा आहे, विमान जितक्या स्पीडने पुढे जाईल तितक्याच स्पीडने तो मागे पळतो, तर विमान उडेल का? अरे, नाही म्हणताना तू गाडीसारखा विचार करतोयस, तिथेच सगळे अडकतात, मी पण आठवडाभर अडकलेलो. कारचं इंजिन चाकं फिरवतं आणि चाकं रस्त्याला मागे ढकलतात, विमानाचं तसं नसतं, जेट हवा मागे फेकतं आणि विमान पुढे जातं, चाकं नुसती मोकळी फिरतात. पुण्याच्या लोहगाव विमानतळावर रनवेऐवजी मागे पळणारा पट्टा आहे असं समज, विमान पुढे 250 च्या स्पीडने, पट्टा मागे 250 ने, तर चाकं 500 ने गरगरतील, बाकी विमानाला फरक जवळपास शून्य, ते उडणारच.

पटत नसेल तर कोथरूडमधल्या कुठल्याही जिममध्ये ट्रेडमिलवर खेळण्यातली कार ठेव, तिला बांधलेला दोरा पुढून हातात धर. पट्टा कितीही जोरात कर, दोऱ्याला ओढ किंचितच जाणवते आणि कार आरामात पुढे ओढता येते. तो हात म्हणजे इंजिन!

फक्त कोडं नीट वाच हं. विमान जागेवरच थांबलंय असं कोणी गृहीतच धरलं तर पंखांवरून वारा नाही, मग लिफ्टही (विमानाला वर उचलणारा जोर) नाही. निम्मी भांडणं त्या एका वाक्यावरूनच होतात.