उताराचा ड्राइव्हवे तापवण्याआधी

अमेरिका आणि कॅनडातील मराठी वाचकांची या विषयावरची पत्रे थंडी तोंडावर आली की वाढतात, आणि बहुतेकांची समजूत अशी असते की ड्राइव्हवेच्या फरशीखाली विजेवर तापणाऱ्या तारा घातल्या की बर्फाची कटकट संपली. निवडक पत्रांना उत्तरे देत आहे.

जुना काँक्रीटचा ड्राइव्हवे न फोडता त्याखाली तारा घालता येतील का? (मिसिसागा)

खाली नाही. वरून खाचा कापून तार बसवता येते. मात्र काँक्रीटला तडे गेले असतील तर आधी त्याची तपासणी करून घ्यावी.

विक्रेता म्हणतो, विजेचा खर्च नगण्य असतो. आमचा ड्राइव्हवे एक हजार चौरस फुटांचा आहे. (न्यू जर्सी)

विक्रेत्याला आकडा कागदावर लिहून मागावा. दर चौरस फुटाला साधारण ५० वॅट धरले तर ५० किलोवॅट होतात, म्हणजे २४० व्होल्टवर सुमारे २०८ अँपिअर. अनेक घरांची सगळी जोडणीच २०० अँपिअरची असते. रात्रीत आठ तास यंत्रणा चालली तर ४०० युनिट जळतात. ‘महिन्याला अमुक डॉलर’ हा आकडा काढताना उन्हाळ्याचे महिनेही सरासरीत घातलेले नाहीत ना, हे पाहावे. केवळ चाकांखालचे दोन-दोन फूट रुंदीचे पट्टे तापवले, तर पन्नास फूट लांबीला १० किलोवॅट पुरतात. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून घराच्या एकूण भाराचा हिशेब करून घेतल्याशिवाय सही करू नये.

व्हॉट्सअ‍ॅपवर वाचले की उकळते पाणी ओतले तरी काम भागते. (शिकागो)

भागत नाही. तेच पाणी गोठते आणि आधीपेक्षा वाईट निसरडे होते.

आमचा उतार तीव्र असून थेट फूटपाथवर उतरतो. वितळलेले पाणी आपोआप वाहून जाईलच ना? (मिनेसोटा)

वाहून जाईल, आणि नेमकी चिंता तीच आहे. सहा इंच ताज्या बर्फाचे हजार चौरस फुटांवर सुमारे १,४०० लिटर पाणी होते. तारा तुमच्या हद्दीपाशी संपतात, पाणी मात्र तिथे थांबत नाही; ते थंड फूटपाथवर पसरते आणि काचेसारखे पारदर्शक गोठते. कोरड्या उतारावरून निर्धास्त खाली येणारी गाडी ब्रेक दाबते ती त्याच पट्ट्यावर, आणि पहाटे फिरायला निघालेला शेजारी पडतो तोही तिथेच. म्हणून पायथ्याशी आडवा, जाळी बसवलेला चर हवा. तो चरही तापवलेला हवा, आणि त्याची नळी जमीन गोठते त्या खोलीच्या खाली उतरेपर्यंत तापती ठेवावी लागते, अन्यथा चर तुंबून पाणी वरून वाहू लागते. हे पाणी कुठे सोडता येईल हे पालिकेला आधी विचारावे. बर्फ थांबताच यंत्रणा बंद करणे हीसुद्धा चूकच आहे: पृष्ठभाग कोरडा होईपर्यंत ती चालू राहिली नाही तर उरलेली ओल उतारावरच गोठते. दरपत्रकात निचऱ्याची ओळ नसेल तर ते परत करावे आणि निचऱ्याचा आराखडा सिव्हिल इंजिनिअरला दाखवावा.

तारांऐवजी बॉयलरचे गरम पाणी खेळवणाऱ्या नळ्या घातल्या तर त्या गंजतील का? आणि त्या पाण्यात गाडीचे अँटीफ्रीझ चालेल का? आमच्याकडे कुत्रा आहे. (बोस्टन)

ओरेगॉनमधील क्लॅमथ फॉल्स येथे १९४८ साली भूगर्भातील उष्णतेवर एक चढाचा रस्ता तापवण्यात आला. त्या रस्त्याखालच्या धातूच्या नळ्या बाहेरून गंजून गळू लागल्या आणि १९९८ साली यंत्रणा नव्याने बसवावी लागली. आजच्या पेक्स नळ्या प्लॅस्टिकच्या असल्याने गंजत नाहीत, परंतु काँक्रीटच्या आत सांधा ठेवू देऊ नये. गाडीच्या अँटीफ्रीझमध्ये सहसा एथिलीन ग्लायकॉल असते आणि ते कुत्र्यासाठी विषारी आहे. अशा यंत्रणेसाठीच बनवलेले प्रोपिलीन ग्लायकॉल, बॉयलर उत्पादकाला विचारून वापरावे.

ठेकेदार म्हणतो, ‘नोव्हेंबरअखेर काँक्रीट ओतून लगेच चालू करून देतो.’ (टोरांटो)

नको. काँक्रीट पक्के होण्यास साधारण २८ दिवस धरतात, तोवर तापवू नये. पहिल्या हिवाळ्यात त्यावर मीठही टाकू नये. तारांचा विद्युत रोध (रेझिस्टन्स) काँक्रीट ओतण्यापूर्वी, ओतताना आणि नंतर मोजून लिहून घ्यावा, कारण फावड्याने तुटलेली तार शोधण्यासाठी नवे काँक्रीट फोडावे लागते. यंदा बर्फ काढणाऱ्याशी करार करावा आणि परवान्याचा अर्ज वसंतात द्यावा.