सॉकेटवर 13.9 व्होल्ट दिसतात, तरी ट्रेलरची बॅटरी चार्ज का होत नाही?

तुम्ही लिहिलंय की पाच तास गाडी चालवून कॅम्पसाइटवर पोचलात तरी ट्रेलरची (ट्रकमागे ओढायच्या राहत्या डब्याची) बॅटरी 12.1 व्होल्टवरच होती. ट्रकच्या मागच्या, ट्रेलरला वीज देणाऱ्या 7 पिनच्या सॉकेटवर मीटर मात्र 13.9 दाखवतो आणि गॅरेजवाला बॅटरी बदला म्हणतोय. कृपा करून अजून नवी बॅटरी घेऊ नका. माझ्याकडे हेच झालं होतं आणि बॅटरी ठणठणीत निघाली.

आम्ही कोलोरॅडोत राहतो. ऑक्टोबरात डेन्व्हरहून मोआबला गेलो होतो, हुकअप (वीज-पाण्याची जोडणी) नसलेल्या मोकळ्या सरकारी जमिनीवर ट्रेलर लावला होता. पहाटे तीनला फर्नेस (ट्रेलर गरम ठेवणारा गॅसचा हीटर) बंद पडला. गॅसच्या टाक्या भरलेल्या होत्या, पण फर्नेसचा पंखा 12 व्होल्टवर चालतो आणि बॅटरीत जीवच उरला नव्हता. मुलीला दोन पांघरुणांत गुंडाळून सकाळपर्यंत ट्रकमध्ये हीटर लावून बसलो. घरी परतल्यावर दोन दिवस याच तपासणीत घालवले.

तुमचा 13.9 चा आकडा खरा आहे, पण तो लोड नसतानाचा, म्हणजे काहीच करंट ओढत नसतानाचा आहे. मीटर स्वतः जवळजवळ करंट घेतच नाही. त्यामुळे वायरीचा एकच तंतू शिल्लक असला किंवा बोल्टवर गंजाचा थर असला, तरी मीटरला पूर्ण व्होल्टेज दिसतं. खरा करंट ओढला की मगच लाइन कशी आहे ते कळतं.

यासाठी हेडलाइटचा जुना 55 वॉटचा बल्ब घ्या आणि त्याला दोन वायरी जोडा. हा बल्ब साडेचार अँपिअरच्या आसपास करंट घेतो. इंजिन चालू ठेवा, हँडब्रेक ओढा आणि ट्रकच्या मागे उभं राहून सॉकेटकडे बघा. घड्याळाच्या भाषेत 1 वाजताची पिन चार्जिंगची आणि 7 वाजताची अर्थची. ट्रेलरच्या प्लगमध्ये हे आरशासारखं उलटं दिसतं, तिथे गोंधळ करू नका. चार्जिंगची पिन बहुतेक 30 अँपिअरच्या फ्यूजवर असते, त्यामुळे उघड्या वायरी एकमेकींना टेकू देऊ नका. बल्ब या दोन पिनांना लावा आणि त्याच पिनांवर मीटर धरा.

माझ्याकडे बल्ब नारिंगी, मंद पेटला आणि मीटर 13.8 वरून 7 वर आला. मग बल्ब तसाच पेटता ठेवून मीटरचं एक टोक अर्थच्या पिनवर आणि दुसरं चेसीच्या खरवडून स्वच्छ केलेल्या लोखंडावर लावलं. तिथे शून्याच्या जवळपास आकडा यायला हवा, पण आले साडेसहा व्होल्ट! म्हणजे व्होल्टेज अर्थच्या वायरीतच खलास होत होतं. बंपरच्या मागे ती वायर जिथे चेसीला बोल्टने बसवली होती, तिथे बोट लावलं तर टर्मिनल गरम लागलं. आमच्याकडे हिवाळ्यात रस्त्यांवर बर्फ वितळवायला मॅग्नेशियम क्लोराइड टाकतात. त्याने ते टर्मिनल आतून हिरवं होऊन पोकळ झालं होतं. वायर चकचकीत तांबं दिसेपर्यंत कापली, नवं टर्मिनल क्रिंप केलं, चेसीचा रंग खरवडून बोल्ट आवळला आणि वर ग्रीस लावलं. त्याच बल्बवर मीटर 13.5 दाखवायला लागला.

तुमच्या ट्रेलरचे दिवे नीट लागतात म्हणून अर्थ चांगलाच असेल असं समजू नका. एलईडी दिव्यांना करंट थोडाच लागतो आणि ट्रेलर जोडलेला असताना हिचच्या (ट्रेलर अडकवायच्या) गोळ्यातूनही थोडाफार अर्थ मिळतो. इंडिकेटर दिल्यावर टेललाइट फिकट पडत असतील तर मात्र अर्थवर जरूर संशय घ्या.

बल्ब लख्ख पेटला तर ट्रकची बाजू बरी, मग ट्रेलरकडे वळा. ट्रेलरच्या दांडीवरचा जंक्शन बॉक्स उघडा, त्यात पाणी शिरतंच. बॅटरीजवळ 30 किंवा 40 अँपिअरचा छोटा ब्रेकर असतो, त्याचे दोन्ही स्क्रू हलवून बघा. काही ट्रेलरमध्ये बॅटरी डिसकनेक्टचा स्विच बंद असला की चार्जिंगची लाइनही तुटते. आणि सॉकेटवर कधी शून्यच आलं तर चार्जिंगचा फ्यूज आणि रिले पाहा. काही जुन्या पिकअपमध्ये ते कंपनीने बसवलेलेच नसतात, पिशवीत घालून ग्लोव्ह बॉक्समध्ये दिलेले असतात. काही नव्या गाड्या ट्रेलर ओळखल्याशिवाय त्या पिनवर वीजच सोडत नाहीत, तिथे ट्रेलर जोडूनच मोजावं लागतं.

शेवटी ट्रेलर जोडून, इंजिन चालू ठेवून बॅटरीच्या वायरीला क्लॅम्प मीटर (वायरीभोवती अडकवून करंट मोजणारा) लावा. मीटर डीसी करंट मोजणारा हवा. स्वस्त क्लॅम्प फक्त एसी मोजतात आणि डीसीवर शून्य दाखवून घाबरवतात. छतावर सोलर असेल तर आधी तो तोडा, नाहीतर त्याचा करंट ट्रकचा वाटेल. माझ्याकडे अर्थ दुरुस्त करण्याआधी 0.6 अँपिअर येत होते, नंतर 9.

मात्र लाइन निरोगी असली तरी तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. समजा 12 गेजची वायर आहे, जायला 30 फूट आणि यायला 30 फूट. तिचा रोध 0.1 ओहमच्या जवळपास होतो. 10 अँपिअर वाहिले की एक व्होल्ट वायरीतच जातो. अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज करणारा) 14.2 व्होल्ट देत असेल तर बॅटरीपाशी 13.2 उरतात, आणि बॅटरी भरत जाते तसा करंट आणखी कमी होतो. पाच तासांत 30-40 अँपिअर-अवर परत मिळाले तर ते चांगलंच समजा. 100 अँपिअर-अवरची बॅटरी 12.1 वर असेल तर ती निम्म्याहून जास्त रिकामी आहे, एका प्रवासात पूर्ण भरणार नाही.

आता तुम्ही न लिहिलेली एक गोष्ट विचारतो: वाटेत फ्रिज कशावर चालतो? गॅस आणि वीज दोन्हीवर चालणारा जुन्या पद्धतीचा फ्रिज 12 व्होल्टवर ठेवलात तर तो 10-15 अँपिअर सहज खातो. म्हणजे ट्रककडून येणारं सगळं तोच संपवतो आणि बॅटरी उलट उतरते. एकदा फ्रिज बंद ठेवून तेच अंतर चालवून बघा.

लिथियम बॅटरी असेल किंवा ट्रकमध्ये स्मार्ट अल्टरनेटर असेल (आपली बॅटरी भरली की तो व्होल्टेज साडेबारा-तेरापर्यंत खाली आणतो), तर मात्र वायरी कितीही साफ केल्या तरी भागणार नाही. तिथे ट्रेलरच्या बॅटरीजवळ डीसी-डीसी चार्जर बसवावा लागतो. तो कमी व्होल्टेज घेऊन बॅटरीला हवं तेवढं चढवून देतो. मूळच्या 7 पिनच्या वायरीवर त्याचा करंट मर्यादेत ठेवा. 40 अँपिअरचा चार्जर लावायचा असेल तर ट्रकच्या बॅटरीपासून जाड वायर वेगळी ओढा, दोन्ही टोकांना फ्यूज घालून.

ही तपासणी पुढच्या ट्रिपवर ढकलू नका. ट्रेलर वाटेत सुटला तर ब्रेकअवे स्विच त्याचे ब्रेक याच बॅटरीवर लावतो. बल्बची चाचणी आधी करा आणि लोड असतानाचे दोन आकडे इथे लिहा: दोन्ही पिनांमधला, आणि अर्थची पिन ते चेसी. तेवढ्यावरून ट्रकची कोणती वायर खोलायची ते मी सांगू शकेन.