पेशीपटल, पेशीभित्तिका आणि 'अर्धपार्य'

रावेरहून एका पालकांनी विचारलंय: "मुलीच्या आठवीच्या विज्ञानात पेशीच्या आवरणाला 'निवडक्षम पारपटल' म्हटलंय. आमच्या वेळी 'अर्धपार्य पटल' होतं. शिवाय 'पेशीभित्तिका' आहेच. हे सगळं एकच का? आणि नसेल तर बरोबर कुठलं?"

भाऊ, एकच नाही. भित्तिका आधी उरकू. भित्तिका म्हणजे भिंत. वनस्पती, बुरशी आणि बहुतेक जिवाणूंना ती असते, प्राण्यांच्या पेशींना नसते. वनस्पतींत ती सेल्युलोजची, ताठ असते आणि पाण्या-क्षारांना फारशी अडवत नाही. तिला आतून चिकटून असतं ते पटल, आणि ते प्रत्येक जिवंत पेशीला असतंच. दोन्ही वेगळी आहेत हे पाहायचं तर लाल कांद्याचा पापुद्रा मिठाच्या दाट पाण्यात ठेवून शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली धरा. पेशीतलं पाणी बाहेर जातं, आतला जांभळा भाग आक्रसतो आणि पटल त्याच्याबरोबर मागे सरतं. भित्तिका जागची हलत नाही. मधे फट दिसते.

'पटल' संस्कृतातून आलेला, अर्थ आच्छादन किंवा थर. म्हातारपणी डोळ्यावर येतं ते 'पडळ' याच शब्दाचं रूप. दृष्टिपटल, श्वासपटल हेही आपल्या ओळखीचे. तेव्हा शब्द चांगलाच आहे, फक्त त्यातून पडद्यासारखी निपचित वस्तू डोळ्यांसमोर येते आणि तिथे घोटाळा होतो. पेशीपटल म्हणजे मेदाच्या रेणूंचे दोन थर, जाडी सगळी मिळून ७ ते ८ नॅनोमीटर. रेणूंची डोकी पाण्याकडे, शेपट्या पाण्यापासून लपून मधे. त्यात प्रथिनं रुतलेली, आणि हे रेणू बाजूबाजूला सतत सरकत असतात. सिंगर आणि निकोल्सन यांनी १९७२ साली मांडलेलं हे चित्र बरीच भर पडूनही मुळात तेच आहे.

तुम्ही केळीच्या पट्ट्यातले, म्हणून हा प्रवाहीपणा तुम्हाला दुसऱ्या नावानं माहीत असणार. जानेवारीत पारा दहाच्या खाली उतरला की घडाला 'चरका' बसतो. थंडीत तूप थिजावं तसा केळीच्या पटलातला मेद थिजू लागतो. पटल गळकं होतं आणि एरवी वेगवेगळ्या कप्प्यांत राहणारी फिनॉलं नावाची रसायनं आणि विकरं (एन्झाइम) एकमेकांत मिसळतात. साल सोलली की तिच्या आत तपकिरी रेषा दिसतात त्या यामुळेच. हिरवा माल शीतगृहात १३-१४ अंशांच्या खाली नेत नाहीत तेही याच कारणानं. चरका हा पटलाचा आजार आहे असं कुठल्या पुस्तकानं लिहिलं असतं तर आपल्याकडच्या पोरांना हा धडा कधी जड गेला नसता!

आता 'अर्धपार्य'. पार्य म्हणजे ज्यातून पार जाता येतं ते. पण अर्धं म्हणजे कितपत? काटेकोर अर्थानं अर्धपार्य पटलातून फक्त पाणी जातं, विरघळलेला पदार्थ जात नाही. पेशीपटल एवढं साधं नाही. ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड त्यातून सहज पार होतात. पाण्यासाठी प्रथिनांच्या खास वाटा आहेत, आणि त्या शोधल्याबद्दल पीटर ॲग्रे यांना २००३ चं नोबेल मिळालं. ग्लुकोजला वाहक प्रथिन लागतं. स्नायूंच्या पेशींत इन्शुलिन आलं की हे वाहक आतून पटलावर येतात. सोडियम-पोटॅशियमचा पंप तर ऊर्जा खर्चून ३ सोडियम बाहेर टाकतो आणि २ पोटॅशियम आत घेतो. याला 'अर्धं' म्हणणं अन्यायच. मी 'निवडक्षम'च्या बाजूचा. 'निवड' मराठी आणि 'क्षम' संस्कृत अशी मोट बांधली म्हणून काही जण नाक मुरडतात, पण अर्थ पहिल्या वाचनात पोचतो. 'पारपटल' मात्र मला ओबडधोबड वाटतं. 'निवडक्षम पार्य पटल' जास्त सरळ झालं असतं. परीक्षेत मुलीनं पुस्तकातलंच लिहावं, तिथे वाद नको.

लिंगाचंही सांगून ठेवतो, कारण उत्तरपत्रिकांत हमखास चुकतं: ते पटल, ती भित्तिका. 'पेशीपटल फाटली' नव्हे, 'पेशीपटल फाटलं'.